मोठ्या संख्येचे गुणधर्म कसे शोधायचे: १२३४५६७८९८७६५४३२१ घेऊन पहिल्या पायरीपासून

कॉलेजचा प्रोजेक्ट असो, ऑलिंपियाडची तयारी असो नाहीतर नुसती आवड असो, सतरा-अठरा आकडी संख्या समोर आली आणि "हिचे गुणधर्म लिहा" असं कोणी म्हटलं की नवीन माणूस बहुतेक वेळा ती कुठल्यातरी वेबसाइटवर टाकतो, आलेली यादी उतरवून काढतो आणि त्यातलं काहीच कळत नाही. यादीत विभाजक ४५, मूळ अवयव अमुक, बायनरी तमुक असं सगळं असतं, पण कशातून काय आलं ते नसतं. खरं तर एवढं सगळं हाताने आणि थोडं पायथॉन वापरून करता येतं, फक्त क्रम बरोबर पाहिजे. मी या सगळ्यातून गेलोय आणि क्रम चुकला की किती वेळ फुकट जातो ते माहितीये, म्हणून सगळं एका जागी लिहितोय.

उदाहरणाला मुद्दाम १२३४५६७८९८७६५४३२१ घेतलीये. ही मुंबईकरांच्या जवळची संख्या आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५ चा डहाणूचा, नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिक्षक होते, ६१७४ चा स्थिरांक ज्यांच्या नावाने जगभर ओळखतात ते. त्यांनी एका प्रकारच्या संख्यांना डेम्लो संख्या असं नाव दिलं, कारण ती कल्पना त्यांना जी.आय.पी. रेल्वेच्या डेम्लो स्टेशनवर सुचली, म्हणजे आपलं आजचं डोंबिवली. १, १२१, १२३२१ अशा चढत जाऊन उतरणाऱ्या संख्या त्यातल्याच, आणि आपली सतरा आकडी संख्या त्या रांगेतली नववी.

आधी काय काय लागेल ते

- कागद आणि पेन. खरंच लागतं, अर्ध काम कागदावरच होतं.
- पायथॉन. कॉम्प्युटर नसेल तर ब्राउझरमध्ये गूगल कोलॅब उघडा, फोनवरही चालतं, पैसे लागत नाहीत.
- ६०० पर्यंतच्या मूळ संख्यांची यादी. १०९ आहेत, एका पानावर बसतात.
- विभाज्यतेच्या कसोट्या, सहावी-सातवीत शिकलो त्याच.

सायंटिफिक कॅल्क्युलेटर मी यादीत धरला नाहीये. बहुतेकांच्या स्क्रीनवर दहाच आकडे दिसतात, सतरा आकड्यांना तो कामाचा नाही.

१. संख्या पूर्ण आणि अचूक उतरवून घ्या

हे सगळ्यात सोपं वाटतं आणि सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. एक्सेलमध्ये ही संख्या टाइप करून बघा. एक्सेल पंधराच आकडे धरून ठेवतं, पुढचे शून्य करून टाकतं, म्हणजे तुमची संख्या गुपचूप १२३४५६७८९८७६५४३०० होते आणि ती वेगळीच संख्या आहे, सम आहे, १०० ने भाग जाणारी आहे. सेल टेक्स्ट केला तर आकडे दिसतील नीट पण मग त्यावर गणित करता येत नाही. ब्राउझरच्या जावास्क्रिप्टमध्ये टाकली तर शेवटचा १ जाऊन ० येतो, कारण तिथे साध्या संख्या २ च्या ५३ व्या घातापर्यंतच म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतच एकेक करून नीट बसतात आणि आपली संख्या त्याच्या पुढे आहे. पायथॉनमध्ये पूर्णांकाला अशी मर्यादा नाही, म्हणून ते घ्या.

पायथॉनमध्ये टाइप करताना तीन गोष्टी सांभाळा. आकडे इंग्रजी कीबोर्डचे पाहिजेत, या लेखातले देवनागरी आकडे कॉपी करून टाकले तर एरर येईल. स्वल्पविराम टाकू नका, पायथॉन त्याचे तुकडे समजतं. आणि भागाकाराला एक तिरकी रेघ वापरलीत तर उत्तर दशांशात येतं आणि शेवटचे आकडे बिघडतात, म्हणून कायम दोन तिरक्या रेघा // वापरा आणि बाकीसाठी %.

वाचताना आपली पद्धत वापरायची तर १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ असे स्वल्पविराम पडतात. भास्कराचार्यांच्या लीलावतीत स्थानांची जी नावं आहेत त्यात ही संख्या मस्त बसते: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद आणि मग उतरत आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष असं एककापर्यंत. एकदा मोठ्याने म्हणून बघा, सतरापैकी बारा स्थानांची नावं तिथेच पाठ होतात.

२. कुठलंही गणित करायच्या आधी नुसतं बघा

उलटी वाचली तरी तीच येते. विषम आहे. शेवटी १ आहे. आकड्यांची बेरीज करा: १ ते ८ ची ३६, मधला ९, परत ३६, म्हणजे ८१. हे चार मुद्दे लिहून ठेवा, पुढे प्रत्येक कामाला येतो.

आता ही आली कुठून ते बघा. १११११११११ म्हणजे नऊ एक, त्याला त्यानेच शाळेतल्यासारखं उभं गुणा. नऊ ओळी येतात, प्रत्येक ओळीत तेच नऊ एक, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उभ्या रकान्यांची बेरीज करायला लागा: उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एकच १, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, मधल्या रकान्यात नऊ, मग परत आठ, सात, सहा. कुठेच हातचा येत नाही कारण सगळ्यात मोठी बेरीज ९ आहे. म्हणून उत्तर सरळ १२३४५६७८९८७६५४३२१. दहा एकांचा वर्ग केलात की मधल्या रकान्यात १० येतात, हातचा सुरू होतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ येतं. म्हणजे नऊ ही शेवटची पायरी आहे जिथे जिना अखंड राहतो. हे कागदावर एकदा स्वतः मांडा, स्क्रीनवर बघून ती मजा येत नाही.

३. हाताने कसोट्या लावा

२ आणि ५ बाद, शेवटचा आकडा बघून. बेरीज ८१ आहे म्हणून ३ आणि ९ ने भाग जातो.

इथे मोठा सापळा आहे. बेरीज ८१ म्हणजे ८१ ने पण भाग जाणार असं लगेच लिहू नका. आकड्यांच्या बेरजेची कसोटी फक्त ३ आणि ९ ला चालते. १८९९ घ्या, बेरीज २७ येते, पण २७ ने भागलं तर बाकी ९ उरते. आपल्या संख्येला ८१ ने भाग जातो हे खरं आहे पण ते भागाकार करून सिद्ध करायचं: १५२४१५७८९९७१०४१ येतं आणि बाकी शून्य.

आणि हे एकदा झालं की एक गुणधर्म फुकटात मिळतो. आकड्यांच्या बेरजेने ज्या संख्येला निःशेष भाग जातो तिला हर्षद संख्या म्हणतात, हे नावही कापरेकरांनीच दिलेलं. बेरीज ८१, ८१ ने भाग जातो, म्हणजे त्यांची ही डेम्लो संख्या त्यांचीच हर्षद संख्या पण आहे.

आता शाळेत सहसा न शिकवलेली कसोटी. उजवीकडून तीन-तीन आकड्यांचे गट पाडा: ३२१, ६५४, ९८७, ६७८, ३४५, १२. सगळ्यांची बेरीज २९९७. परत तेच करा, ९९७ आणि २, म्हणजे ९९९. याचा अर्थ संख्येला ९९९ ने भाग जातो, आणि ९९९ म्हणजे २७ गुणिले ३७. तर ३७ सारखा अवयव एकही भागाकार न करता सापडला. हेच गट एक अधिक एक उणे असे घेतले, ३२१ − ६५४ + ९८७ − ६७८ + ३४५ − १२, तर ३०९ येतं. ही १००१ ची कसोटी, आणि १००१ म्हणजे ७ × ११ × १३, म्हणून ती या तिघांना चालते. ३०९ ला ७ ने भागून बाकी १, ११ ने बाकी १, १३ ने बाकी १०. एका फटक्यात तिघंही बाद.

गट नऊ-नऊ आकड्यांचे पण पाडता येतात आणि मला या संख्येत सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट तिथे आहे. उजवीकडचे नऊ ९८७६५४३२१, उरलेले आठ १२३४५६७८. बेरीज करा. ९९९९९९९९९, सरळ नऊ नव्वे. म्हणजे संख्येला नऊ नव्व्यांनी भाग जातो, आणि भागाकार येतो १२३४५६७९, तोच ८ नसलेला आकडा जो ९ ने गुणला की नऊ एक देतो.

४. पूर्ण वर्ग आहे का ते आधीच तपासा

आपल्याला इथे आधीच माहिती आहे, पण अनोळखी संख्येच्या बाबतीत ही पायरी कधीच गाळू नका, कारण वर्ग निघाला तर पुढचं काम कितीतरी हलकं होतं. आधी वरवरचं बघा. विषम वर्गाला ८ ने भागलं की बाकी १ उरायलाच पाहिजे, त्यासाठी शेवटचे तीन आकडे पुरतात, ३२१ ला ८ ने भागा, बाकी १. ठीक. वर्गाच्या आकड्यांची बेरीज एक आकडी होईपर्यंत करत गेलं की १, ४, ७ किंवा ९ च येतात, आपली ९. ठीक. पण या कसोट्या फक्त "नाही" सांगू शकतात, "हो" सांगू शकत नाहीत.

"हो" म्हणायला पायथॉनच्या मॅथ मॉड्यूलमधलं पूर्णांकाचं वर्गमूळ (isqrt) वापरा, साधं स्क्वेअर रूट (sqrt) नको. साध्या स्क्वेअर रूटला आपली संख्या दिली तर १११११११११.० येतं आणि तिच्याहून एकने लहान १२३४५६७८९८७६५४३२० दिली तरी तेच १११११११११.० येतं. दुसरी वर्ग नाहीच, पण दशांशातला फरक इतका बारीक आहे की तो गोल होऊन जातो. बरेच जण इथे चुकीचं उत्तर छापून देतात आणि कोणाला कळत पण नाही. पूर्णांकाचं वर्गमूळ घेऊन त्याचा परत वर्ग करून दिलेल्या संख्येशी जुळतो का बघायचं, बस.

५. मूळ अवयव पाडा

पुढचं सगळं या एका पायरीवर उभं आहे म्हणून घाई नको. वर्ग आहे हे कळलं ना, मग सतरा आकडी संख्या बाजूला ठेवा आणि तिच्या वर्गमूळाचे म्हणजे १११११११११ चे अवयव पाडा, शेवटी सगळे घातांक दुप्पट करायचे. ९ ने भागा, १२३४५६७९. ३७ ने भागा, ३३३६६७. आता ३३३६६७ उरला.

म्हणजे १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७, आणि आपली संख्या = ३ चा चौथा घात × ३७ चा वर्ग × ३३३६६७ चा वर्ग.

चौथी पायरी गाळून थेट मोठ्या संख्येला भागत बसलात तर काय होतं बघा: ८१ आणि दोनदा ३७ काढून झाल्यावर १११३३३६६६८८९ उरतो, आणि त्याचा पुढचा अवयव ३३३६६७ ला येतो, म्हणजे तीन लाखांच्या पुढे भागत जायचं. पायथॉनला ते काहीच नाही, पण हाताने अशक्य, आणि संख्या पन्नास-साठ आकडी झाली की असं एकेक भागत जाणं पायथॉनला पण झेपत नाही.

६. उरलेला आकडा खरंच मूळ आहे का

ही दुसरी जागा जिथे सगळे घसरतात. नियम सोपा आहे, वर्गमूळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं, त्याच्या आत थांबायचं नाही आणि पुढे जायची गरज नाही. ३३३६६७ चं वर्गमूळ ५७७ च्या जरासं पुढे आहे आणि ५७७ पर्यंत १०६ मूळ संख्या आहेत. एकाही संख्येने भाग जात नाही, म्हणजे मूळ. एक दुपार लागते हाताने, पायथॉनमध्ये डोळ्याचं पातं लवायच्या आत.

अर्धवट थांबलं की काय होतं त्याचं उदाहरण १२३४५६७८९. ९ ने भागलं की १३७१७४२१ राहतो. आता १०००, २०००, ३००० पर्यंत भागत गेलात तरी काहीच लागत नाही आणि माणूस कंटाळून "मूळ आहे" लिहून मोकळा होतो. पण तो ३६०७ × ३८०३ आहे. वर्गमूळ ३७०३ च्या आसपास, त्यामुळे ३६०७ पर्यंत गेल्याशिवाय सापडणारच नाही.

खूप मोठ्या संख्यांना भागत बसणं जमत नाही तेव्हा फर्माच्या कसोटीसारख्या झटपट कसोट्या असतात. त्या वापरताना लक्षात ठेवा की ती पास झाली म्हणजे मूळ असेलच असं नाही, ३४१ ही २ पाया घेऊन फर्माची कसोटी पास होते आणि ती ११ × ३१ आहे. शंभर टक्के खात्रीचं आणि तरी वाजवी वेळात उत्तर देणारी रीत २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी दिली, पण आपल्या सतरा आकड्यांना त्याची गरज नाही.

७. आता विभाजक मोजा, बाकी सगळं आपोआप

घातांक ४, २, २. प्रत्येकात एक मिळवा आणि गुणा: ५ × ३ × ३ = ४५ विभाजक. का, तर विभाजक बनवताना ३ शून्य ते चार वेळा घेता येतो म्हणजे पाच पर्याय, ३७ चे तीन, ३३३६६७ चे तीन. विभाजकांची संख्या विषम आली हे पण तपासून घ्या, पूर्ण वर्गाचीच विषम येते, सम आली तर कुठेतरी घातांक चुकलाय.

विभाजकांची बेरीज: ३ साठी १ + ३ + ९ + २७ + ८१ = १२१, ३७ साठी १ + ३७ + १३६९ = १४०७, ३३३६६७ साठी १११३३४०००५५७. तिघांचा गुणाकार १८९५४२७९५९२८२७५७९. यातून संख्या स्वतः वजा केली की ६६०८६००६०५१७३२५८ उरतात, म्हणजे स्वतः सोडून बाकी विभाजकांची बेरीज संख्येपेक्षा कमीच भरते. ६ किंवा २८ सारखी परिपूर्ण संख्या ही नाही.

तिच्याहून लहान आणि तिच्याशी सहमूळ (म्हणजे १ सोडून दोघींचा सामाईक विभाजक नाही) अशा संख्या किती, तर ५४ × १३३२ × ३३३६६७ × ३३३६६६ = ८००७९८३९९१९९२०१६. प्रोजेक्टमध्ये हे लिहिणार असाल तर ५४ आणि १३३२ कुठून आले ते पण लिहा, ८१ मधून २७ वजा आणि १३६९ मधून ३७ वजा. नुसतं उत्तर लिहिलेलं बघून सर लगेच ओळखतात की कॉपी आहे.

८. आवर्ती दशांश बघायला विसरू नका

हे वेबसाइटच्या यादीत बहुतेक नसतं. १ भागिले ८१ करा: ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… नऊ आकडे फिरत राहतात. १ भागिले १२३४५६७९ करा: ०.००००००८१००००००८१ असं नाही, नीट मोजा, ०.०००००००८१०००००००८१… इथेही नऊचाच फेरा, सात शून्य आणि ८१. दोघांचा गुणाकार नऊ नव्वे आहे म्हणून दोघं एकमेकांच्या दशांशात दिसतात. आणि ३३३६६७ चं १ भागिले केलं तर ०.०००००२९९७ फिरत राहतं, परत नऊ आकडे. ज्याचा फेरा बरोबर नऊ आकड्यांचा आहे अशी मूळ संख्या जगात ही एकच आहे. कारण अशा मूळ संख्येला १००१००१ चा अवयव असावंच लागतं, आणि १००१००१ म्हणजे ३ × ३३३६६७. ३ चा फेरा एक आकडी, म्हणून उरला फक्त हा.

९. नाव आणि नोंद शोधा

सगळं स्वतः काढून झाल्यावरच पूर्णांक क्रमांचा ऑनलाइन विश्वकोश उघडा, नील स्लोन यांनी १९६४ मध्ये सुरू केलेला संग्रह आहे हा. शोधच्या जागी १, १२१, १२३२१ एवढं टाकलं तरी डेम्लो संख्यांचं पान येतं. आधी उघडलंत तर स्वतः शोधायचं काही उरत नाही. शाळेतल्या मुलांना यात पुढे जायचं असेल तर गणित ऑलिंपियाडचं काम मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातून चालतं, तिथली माहिती बघा, संख्याशास्त्राचे प्रश्न त्यात हमखास असतात. इथे संख्याशास्त्र म्हणजे स्टॅटिस्टिक्स नव्हे, पूर्णांकांचं गणित.

सरावासाठी

थेट सतरा आकड्यांवर जाऊ नका. फोर्टच्या जीपीओचा पिन ४००००१ घ्या. ७ ने भाग जातो, ५७१४३ उरतो, आणि तो मूळ आहे का ते ठरवायला २३९ पर्यंत जावंच लागतं कारण २३९ चा वर्ग ५७१२१ म्हणजे जेमतेम आत आहे. दादर पूर्वचा ४०००१४ सोपा आहे: २ × ३ × ३ × ७१ × ३१३, विभाजक २४, आणि बेरीज ९ असल्यामुळे हर्षद पण. दादर पश्चिमचा ४०००२८ हर्षद नाही, त्याचे अवयव तुम्ही पाडा, त्यात ९७ सापडला पाहिजे. आपापल्या घराचा पिन घेतला तर अजून मजा येते.

ते जमलं की दहा एकांचा वर्ग घ्या, तोच हातचा आलेला १२३४५६७९००९८७६५४३२१. आकड्यांची बेरीज ८२, म्हणजे ३ गेला. वर्गमूळ ११११११११११ चे अवयव ११ × ४१ × २७१ × ९०९१, त्यामुळे विभाजक ३ × ३ × ३ × ३ = ८१ आले पाहिजेत. वेगळं उत्तर आलं तर पाचव्या पायरीपासून परत बघा.